मधमाशांची बाग करायचीय? पेट्या राहू द्या बाजूला, आधी गावातला फुलोरा बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात नोकरी करणारा एक भाऊ, गाव सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याकडं, ग्रामपंचायत अर्धा एकर पडीक जागा द्यायला तयार आहे, तिथं मधमाशांसाठी फुलबाग करायची, मधमाशा पाळायच्या २० पेट्या ठेवायच्या, मध विकायचा, आणि त्यातून गावातल्या पोरांना काम मिळेल का, गाव परत भरेल का. पेट्या कोणत्या घ्यायच्या तेही विचारलंय.

सरळ सांगतो भाऊ, पेट्या सध्या घेऊ नका. बाग करा, नक्की करा, पण ती बाग २० पेट्यांना पोसेल हे डोक्यातून काढून टाका. पेटीतली माशी, म्हणजे ती युरोपियन मेलिफेरा, चाऱ्यासाठी दोन किलोमीटर सहज जाते. दोन किलोमीटरचा गोल घेतला तर त्यात तीन हजार एकरच्या वर रान येतं, तुमचा अर्धा एकर त्यात कुठं दिसणार? पेटी जगते ती त्या तीन हजार एकरावर, आणि ते रान वर्षातले काही महिने कोरडं ठाक असेल तर तुम्ही साखरेचा पाक पाजत बसणार आणि वर्षाच्या शेवटी हिशोबात मधापेक्षा साखर जास्त निघणार. अशा रिकाम्या पेट्या आपल्या जिल्ह्यात बऱ्याच पत्र्याच्या शेडमध्ये पडल्यात, आत मेणकिड्याची जाळी, वर कोंबड्या बसलेल्या.

म्हणून पहिलं काम पैशाचं नाही, बघायचं आहे. गावात बारा महिन्यात कधी काय फुलतं आणि कधी काहीच फुलत नाही एवढं एका वहीत लिहून काढा. आपल्याकडं साधारण चित्र असं: जानेवारी फेब्रुवारीत करडई, ज्वारीचा पराग, कोथिंबीर, कांद्याचे डेंगळे (फुलांचे दांडे), डाळिंबाचा आंबे बहार (या दिवसातला फुलोरा). मार्चपासून मे पर्यंत शेवगा, कडुलिंब, करंज, जांभूळ, कलिंगड, मग चिंच. हे सगळं बरं चाललेलं असतं. खरी गोची मे संपता संपता चालू होते. आणि मंगळवेढ्याच्या पट्ट्यात ती जास्त, कारण तुमच्याकडं काळ्या रानात ज्वारी रब्बीला, खरीप बहुतेक पडीक. जून ते सप्टेंबर मैलोनमैल काळं रान उघडं, त्यावर माशीला काय आहे? बांधावरची बाभूळ, हिवर, तरवड, एकदांडी आणि जे काय तण उगवेल ते. ते तणही तणनाशकानं गेलं की संपलं. आणि जिथं उजनी धरणाचं पाणी आलं तिथं ऊस. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात, डोळ्याला हिरवंगार दिसतं, पण उसाला तुरा यायच्या आत तोड येते आणि तुरा आला तरी त्यात मध नसतो, माशीच्या हिशोबानं ते वाळवंटच.

चारा आहे का नाही हे ओळखायची सोपी खूण सांगतो. रसवंतीवर जा. ग्लासांवर, चोथ्याच्या ढिगावर माशांचा घोळका असेल तर समजायचं आजूबाजूला फुलं नाहीत. फुलं असताना माशी चोथ्याकडं ढुंकूनही बघत नाही. गुऱ्हाळावर तर उकळत्या रसाच्या काहिलीत पडून किती मरतात ते बघवत नाही.

आता माशा म्हणजे फक्त पेटीतली नव्हे हे आधी क्लिअर करू, कारण सगळा गोंधळ इथंच होतो. आपल्याकडं आग्या आहे, पाण्याच्या टाकीखाली, वडावर, अपार्टमेंटच्या गॅलरीला लटकणारी. फुलोरी आहे, बारीक, झुडपात तळहाताएवढं एकच पोळं करणारी. या दोघी पेटीत राहतच नाहीत, उघड्यावर एकच पोळं बांधणाऱ्या माशा आहेत त्या, कुणी पेटीत भरून देतो म्हटला तर हात जोडा. सातेरी पेटीत राहते पण ती मुख्यतः सह्याद्रीकडची, आपल्या कोरड्या भागात तुरळक, एखाद्या जुन्या विहिरीच्या कपारीत सापडते. मेलिफेरा बाहेरून आणलेली, तिला माणूस सांभाळायला लागतो. आणि या सगळ्यांशिवाय एकट्या राहणाऱ्या माशा, त्यांचं कुणी नावच घेत नाही, ना पोळं ना मध, पण काम बघाल तर थक्क व्हाल.

वांग्याचंच घ्या. वांग्याच्या, टोमॅटोच्या फुलात पराग नळीत बंद असतो, टोकाला बारीक भोक. मधमाशीला तो काढता येत नाही. तिथं लागतो भुंगा नाहीतर निळ्या पट्ट्याची ती छोटी माशी. सकाळी वांग्याच्या सरीत उकिडवं बसून नुसतं ऐका. ती फुलाला खाली लटकते, पायानं घट्ट धरते, पंख मिटूनच अंग थरथरवते, गुंsss असा वेगळाच चढा आवाज येतो आणि भोकातून पिवळा भुगा तिच्या पोटावर सांडतो. तरवडाच्या फुलावर पण भुंगे असंच करतात. तर वांग्याच्या प्लॉटशेजारी कितीही पेट्या ठेवा, फायदा नगण्य. ही निळ्या पट्ट्याची माशी राहते कुठं? मातीत. ओढ्याच्या दरडीत, बांधाच्या उभ्या कडेत, जुन्या घराच्या मातीच्या भिंतीत. आपल्याकडची माळवदाची घरं पाडून स्लॅब पडला तेव्हा माणसाची सोय झाली, माझी काय तक्रार नाही, पण या माशीचं घर गेलं. जगातल्या माशांच्या २० हजाराच्या वर जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक जमिनीत बीळ करून राहणाऱ्या. म्हणून बागेत सगळीकडं पेव्हर ब्लॉक घालू नका राव! एक कोपरा उघडा, न खणलेला, पाणी न साचणारा ठेवा. एक पडकी मातीची भिंत असेल तर राहू द्या. सरपंच म्हणतील घाण दिसते, त्यांना भिंतीतली भोकं दाखवा.

फुलोरीबद्दल पण दोन शब्द, कारण आपल्या भागातली खरी कामाची माशी हीच, ऊन सोसते, कमी चाऱ्यावर जगते. तिचं पोळं बाभळीच्या नाहीतर मेंदीच्या फांदीला असतं. जवळ जाऊन बघा, फांदीवर पोळ्याच्या दोन्ही बाजूला चिकट डिंकाचा पट्टा मारलेला दिसेल, मुंगी त्यात अडकते, पुढं येत नाही. मध वरच्या बाजूला फांदीभोवती, खाली पिलावा, म्हणजे अंडी-अळ्या. पोरं अख्खी फांदी तोडून आणतात, मिळतो वाटीभर मध आणि सगळा पिलावा वाया. गावात फक्त ही एक गोष्ट थांबली तरी आजूबाजूच्या कलिंगडाला, दोडक्याला, तिळाला फरक पडतो. आणि एकदम २० पेट्या आणून ठेवल्या तर चाऱ्याच्या तोट्यात, म्हणजे टंचाईत, हाल हिचे होणार, पेटीतल्या माशीला तुम्ही पाक पाजाल, हिला कोण पाजणार?

तर आता अर्ध्या एकरात काय करायचं. माझं म्हणणं, तिथं बाग कमी आणि रोपवाटिका जास्त करा. बागेतून गावभर रोपं, फांद्या, बी गेलं पाहिजे, बांधावर, शाळेत, स्मशानभूमीच्या कडेला, देवळामागं, घराच्या परसात. सलग एकच मोठी बाग असण्यापेक्षा दोनतीनशे मीटरवर फुलांचे ठिपके असलेले कधीही चांगले, कारण या एकट्या माशा लांब जात नाहीत, घरापासून शेदोनशे मीटरमध्येच त्यांचा संसार.

झाडं निवडताना शेळी डोळ्यासमोर ठेवा. हे कुणी सांगत नाही. तुम्ही हौसेनं लावाल आणि दुसऱ्या दिवशी कुणाची तरी शेळी साफ करेल, मग त्यावरून गावात भांडण. निर्गुडी आणि अडुळसा शेळी सोडते, आणि दोन्हीला माशा भरपूर येतात, दोन्ही फांदी रोवून लागतात. म्हणून बाहेरचं कुंपण त्याचं करा, मध्ये मध्ये मेंदी आणि सागरगोटा. आत शेवगा, कढीपत्ता, लिंबू, बोर, करंज, जांभूळ एखादं. बोराचा फुलोरा साधारण पावसाळ्याच्या शेवटाला येतो, अगदी तोट्याच्या दिवसात, म्हणून बोर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि सोलापूरच्या हवेत त्याला फार लाड लागत नाहीत. तुळस आणि सब्जा तर पाहिजेच, तुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या थांबा थोड्या, फुलू द्या. आइसक्रीमचा गुलाबी वेल शाळेच्या गेटवर चढवा, भर उन्हाळ्यात पण त्याच्यावर माशा असतात. कोथिंबीर, बडीशेप, ओवा, मोहरी यांचा एकेक वाफा बियांवर सोडून द्या, बी पण मिळतं.

नर्सरीवाला काय देईल ते घेऊ नका. डबल पाकळ्यांचा गोंडेदार झेंडू, शोचे गुलाब यात माशीला आत शिरायला जागाच नसते, दिसायला भारी, चाऱ्याला शून्य. आणि ते पिचकारीचं लाल फुलांचं झाड, रस्त्याकडेला लावतात ते, त्याच्या फुलात छोट्या विनाडंखी माशा मरून पडलेल्या सापडतात, ते तर लावूच नका.

आणि एक मोठी सूचना. उत्साहात माळावर खड्डे खणायला जाऊ नका. आपल्याकडं नान्नजला माळढोकसाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं ते गवताळ माळासाठी, झाडीसाठी नाही. माळ म्हणजे पडीक जमीन नाही. पावसानंतर गुडघ्याएवढ्या गवतात किती बारीक फुलं येतात ते सप्टेंबरात चालत जाऊन बघा, एकट्या माशांचं ते हक्काचं रान. तिथं ग्लिरिसिडिया लावून फोटो काढणं म्हणजे भरलेलं ताट ओढून घेण्यासारखं आहे.

खरीप पडीकचा तोटा भरून काढायला सगळ्यात स्वस्त उपाय ताग. हिरवळीचं खत म्हणून बरेच जण टाकतात, पण फुलावर आला की लगेच गाडतात. शेतीच्या दृष्टीनं बरोबरच आहे ते, ज्वारीला खत पाहिजे. तुम्ही फक्त एवढं करा, बांधाकडच्या चार ओळी गाडू नका, फुलू द्या, बी धरू द्या. पिवळ्या फुलांवर भुंगे आणि पानं कापणाऱ्या माशा तुटून पडतात, आणि पुढच्या वर्षीचं बी घरचं. त्यातच थोडा तीळ, कारळा, सूर्यफूल मिसळलं तर जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत काहीतरी फुलत राहतं. वीसपंचवीस शेतकऱ्यांनी चारचार ओळी सोडल्या तर तुमच्या अर्ध्या एकरापेक्षा मोठी बाग फुकटात तयार होते.

पाण्याचं सांगायलाच पाहिजे, सोलापूरचं ऊन म्हणजे ४२-४३ डिग्री नेहमीचंच. माशी पाणी पिते आणि पोळं थंड ठेवायला पण नेते. खोल बादली ठेवली तर बुडून मरतात. पसरट परात, त्यात खडे नाहीतर ओलं पोतं, रोज सकाळी भरायचं आणि जागा बदलायची नाही, एकदा सवय लागली की तिथंच येतात. बागेला पाणी कुठून म्हणाल तर हातपंपाशेजारी सांडतं ते आणि शाळेच्या हात धुवायच्या नळाचं वळवा. जिथं माणसाच्या नळाला रोज पाणी येत नाही तिथं फुलझाडाला टँकर मागितला तर लोक हसतील, आणि बरोबरच हसतील.

आता कामधंद्याचा मुद्दा, तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

मधावर गाव उभं राहील असं मला वाटत नाही. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, चांगलं झालं, पण तिथं भोवती जंगल आहे, पिढ्यानपिढ्या सातेरी सांभाळणारी घरं आहेत. आपण मंगळवेढ्यात त्याची कॉपी मारायला गेलो तर फसणार. आपल्याकडं पैसा फळधारणेत आहे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सांगोला पंढरपूर मंगळवेढा हा सगळा पट्टा डाळिंबाचा. बहारात बाहेरचे मधपाळ पेट्या भाड्यानं आणून ठेवतात, ते भाडं गावाबाहेर जातं. ते गावातल्याच दोनतीन पोरांना मिळालं तर? यावर विचार करा. साधारण एकरी दोन पेट्या धरा, पाचदहा टक्के फुलं उमलली की आणायच्या, आधी आणल्या तर माशा दुसऱ्या चाऱ्याकडं वळतात.

पण शेतकऱ्याला खोटं सांगू नका. डाळिंबाला नर कळी आणि मादी कळी असते हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहिती. नर कळी खाली निमुळती, ती गळणारच, माशी आली म्हणून तिला फळ लागत नाही. बुडाला फुगीर असलेली कळी, तिला परागीकरण नीट झालं तर सेटिंग, म्हणजे फळ धरणं, सुधारतं, फळ चांगलं भरतं. एवढंच बोला. दुप्पट उत्पन्न बिप्पन्न बोललात तर पुढच्या वर्षी कुणी दारात उभं करणार नाही.

दुसरा पैसा कांदा बियाण्यात. कांद्याच्या एकाच फुलात पराग आधी सांडतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, म्हणून कीटक आल्याशिवाय बी भरत नाही. डेंगळे लावणाऱ्याला माशीची किंमत लगेच कळते, तिथून सुरुवात करा. फक्त कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त असतं, माशीला तो फारसा आवडत नाही, शेजारी कोथिंबीर फुललेली असेल तर ती तिकडंच जाणार. म्हणून बियाण्याच्या प्लॉटजवळ त्याच दिवसात दुसरं गोड काही फुलू देऊ नका. बागेचा नियम इथं उलटा लागतो.

राहिलं रोपवाटिकेचं. हे बचत गटाच्या बायकांना द्या, आणि मनापासून सांगतो, पोरांपेक्षा त्या टिकतात. शेवगा, कढीपत्ता, मेंदी, निर्गुडीची रोपं, ताग-तिळाचं मिश्र बी पुड्या करून. रोजगार हमीतून बांधावर फळझाडं, वृक्ष लागवड होते, त्यासाठी रोपं कुठून तरी लांबून येतात आणि अर्धी वाटेत वाळतात, ती गावातच तयार असली तर ग्रामसेवकालाही सोयीचं. यातून मोठा पैसा येत नाही, पण वर्षभर येतो. पोरं पुण्याला जायची थांबतील का, तर नाही थांबणार सगळी, दोन घरं थांबली तरी मी त्याला यश म्हणीन.

आणि हे सगळं फवारणीवर अडतं. तेल्या रोगाच्या भीतीनं डाळिंबावर किती फवारण्या होतात ते तुम्हाला सांगायला नको. फवारू नका म्हणून उपयोग नाही, बाग जाते माणसाची. वेळ बदला म्हणा. सकाळी माशा फुलावर असतात, तेव्हा कीटकनाशक नको, सूर्य कलल्यावर माशा घरी गेल्या की मारा, रात्रभरात बराचसा थर वाळतो. भुकटी धुरळणी सगळ्यात वाईट, ती परागासारखी अंगाच्या केसाला चिकटून पोळ्यात जाते. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम हे झाडात भिनतात, मधुरसात उतरतात, म्हणून फुलोऱ्यात ते बंदच. युरोपात या गटातली तीन औषधं उघड्या शेतात वापरायला २०१८ मध्ये बंदी घातली ती काय उगाच नाही. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आदल्या दिवशी एक मेसेज, उद्या अमक्याच्या बागेत फवारणी, एवढं जमलं तरी पेटीवाला ओलं पोतं टाकून पेटीचं तोंड बंद ठेवू शकतो. हे जमत नसेल त्या गावात पेटी ठेवायची नाही, विषय संपला.

पेट्या कधी घ्यायच्या मग? एक पूर्ण वर्ष वही लिहून झाली, पावसाळ्यातला तोटा थोडा भरला, फवारणीची वेळ दहाबारा बागायतदारांनी पाळली, की मग दोन पेट्या घ्या, २० नाही. त्याआधी गणेशखिंडीतल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत जाऊन शिकून या, तुम्ही पुण्यातच आहात, याहून सोपं काय. गावातल्या ज्या पोराला पेट्या सांभाळायच्या त्यालाच पाठवलं तर आणखी बरं. मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करा. पेटीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यात ठेवायचे, मुंग्यांसाठी. दुपारी सावली पाहिजे. वेडा राघू तारेवर बसून माशा टिपतो, त्याला दगड मारायचा नाही, तो पण खाऊन जगतोय.

मध निघाला तर पोळ्याची तीन चतुर्थांश घरं मेणानं बंद झाल्यावरच काढा, नाहीतर पाणी जास्त राहतं आणि आंबतो, नियमाप्रमाणं ओलावा २० टक्क्यांच्या वर चालत नाही. हिवाळ्यात थिजला की गिऱ्हाईक साखर घातली म्हणून भांडायला येईल, तेव्हा बाटलीवर आधीच लिहून ठेवा की खरा मध पण थिजतो.

तूर्तास यंदाच्या जूनसाठी काम एकच, तागाचं बी मे मध्येच घेऊन ठेवा, पेरणीची घाई सुरू झाली की दुकानात शिल्लक राहत नाही. आणि वहीचं पहिलं पान भरलं की मला दाखवा, पुढचं त्यावर बोलू.